जागा सोडूं नका!

ज्या श्रमांना मोबदला नाहीं, ज्यांची दखल कोणी घेत नाहीं, आणि तरीही जे करणारा मनुष्य शेवटीं कृतार्थ मुद्रेनें घाम पुसतो, अशा श्रमांत क्रिकेटच्या सामन्याच्या वेळीं एका जागीं बसून राहण्याचा क्रमांक बराच वर लागेल. शेतकरी पीक काढतो, शिंपी कापड शिवतो, मास्तर निदान पेपर तरी तपासतो. परंतु सामन्याच्या शेवटच्या दहा षटकांत डावा पाय उजव्या मांडीवर घेऊन, लोड पोटाशीं धरून, पाण्याचा घोटही न घेतां बसलेला गृहस्थ नेमकें काय उत्पन्न करतो, हें अर्थशास्त्र्यास सांगतां येणार नाहीं. त्या गृहस्थास मात्र त्याविषयीं तिळमात्र शंका नसते. तो सामना जिंकीत असतो.

आमचें घर पुण्यांतलें, जुनें आणि माणसांनीं भरलेलें. या घरांत सदर विषयाचें एक अलिखित धर्मशास्त्रच तयार झालें आहे. आपल्या संघाची फलंदाजी चालू असतां जो जेथें बसला असेल त्यानें तेथून हलूं नये. दोन फलंदाजांची जोडी जमली असतां ‘आतां बरें चाललें आहे’ असे शब्द कोणीं उच्चारूं नयेत. शतकाजवळ आलेल्या फलंदाजाच्या धांवा मोठ्यानें मोजूं नयेत. थोरल्या काकांनीं चष्मा पुसण्यासाठीं काढूं नये. कारण तो काढला कीं गडी बाद होतो, असा तीनदां प्रत्यय आला आहे. न काढतां जे गडी बाद झाले त्यांची नोंद अर्थात् कोणीं ठेविलेली नाहीं. सोंवळ्याओंवळ्याचे नियम आमच्याकडून केव्हांच गेले; स्वयंपाकघरांत आतां कोणीही कसेंही वावरतें. परंतु टीव्हीसमोरच्या वेताच्या खुर्चीचें सोंवळें अद्याप कडकडीत आहे.

या शास्त्रापायीं घरांत जे लहानसहान अपघात होतात त्यांची यादी केली तर ती वाण्याच्या यादीहून लांब होईल. त्यांतला एकच सांगतों. २ एप्रिल २०११ ची रात्र. वानखेडे मैदानावर जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना श्रीलंकेशीं चालला होता, आणि दोन दिवसांवर पाडवा आलेला. सेहवाग पहिल्याच षटकांत शून्यावर गेला, तेंडुलकर अठरा धांवांवर गेला, आणि घरावर जी अवकळा पसरली ती गंभीर जम बसवूं लागला तेव्हां कुठें थोडी ओसरली. साऱ्यांच्या जागा ठरून गेल्या. अशा वेळीं स्वयंपाकघरांतून दूध उतूं गेल्याचा वास आला. नंतर तें करपल्याचा आला. दिवाणखान्यांत नऊ माणसें होतीं. नऊही नाकें ठीक होतीं. पण उठेना कोणी. शेवटीं पुतण्यास राहवलें नाहीं. वय दहा, धर्मशास्त्राचा अभ्यास अपुरा. तो धांवत आंत गेला, त्यानें गॅस बंद केला, आणि बाहेर येऊन पाहतो तों गंभीर सत्त्याण्णवांवर त्रिफळाचित होऊन परत चालला होता. सामना आपण जिंकला, धोनीनें षट्कार मारून जिंकला; परंतु त्या मुलास आमच्या घरांत आजतागायत ‘सत्त्याण्णव’ या नांवानें हांक मारतात. तो आतां चोवीस वर्षांचा इंजिनीअर आहे. पातेलें घांसण्यास दोन दिवस लागले, तें निराळेंच.

कोणी सुशिक्षित वाचक येथें हंसतील, आणि शिकल्यासवरल्या घरांत हें कसलें खूळ, असें विचारतील. त्यांनीं थोडें धीरानें घ्यावें. इंग्लंडचे नामांकित पंच डेव्हिड शेपर्ड हे धांवफलक १११ वर आला कीं भर मैदानांत एक पाय उचलून उभे राहत, आणि धांवसंख्या हलेपर्यंत दोन्ही पाय एकदम जमिनीस टेकूं देत नसत. हजारों प्रेक्षकांसमोर, पांढऱ्या कोटांत, न्यायदानाच्या आसनावर असलेला मनुष्य हें करीत असे! आणि ज्या रात्रीं आमच्याकडे दूध करपलें त्याच रात्रीं वानखेडेच्या खेळाडूंच्या खोलींत काय चाललें होतें? बाद होऊन परतलेल्या तेंडुलकरनीं सेहवागला आपल्याजवळ बसवून घेतलें आणि जागचें हलूं दिलें नाहीं, ही गोष्ट पुढें त्यांनींच सांगितली आहे. म्हणजे ज्याच्यासाठीं आम्ही येथें खुर्ची धरून बसलों होतों, तो तेथें दुसऱ्यासाठीं खुर्ची धरून बसला होता. हें कळल्यापासून थोरल्या काकांचा आत्मविश्वास इतका वाढला आहे कीं, आतां त्यांच्याशीं या विषयांत वाद घालण्यांत अर्थ उरलेला नाहीं.

परंतु या घरांतील खरी तपस्विनी म्हणजे आमच्या काकू. खुर्चीवर बसून निदान सामना तरी पाहावयास मिळतो. काकूंनीं तेंही सोडलें. त्या लग्न होऊन १९७३ सालीं या घरांत आल्या, त्या क्रिकेटचें वेड माहेराहून घेऊनच. वाडेकरांच्या संघानें वेस्ट इंडीज आणि इंग्लंड येथें मिळविलेले १९७१ चे विजय त्यांना तोंडपाठ होते. पुढच्याच वर्षीं जून महिन्यांत लॉर्ड्सवरच्या कसोटीचें वर्णन रेडिओवर लागलें होतें, आणि काकू शेजारीं सुपांत गहूं निवडीत बसल्या होत्या. त्या दिवशीं आपला सारा संघ सतरा षटकांत ४२ धांवांत बाद झाला. गहूं अर्धेही निवडून झाले नव्हते. सासूबाईंनीं सूप बाजूस सारून एवढेंच म्हटलें, ‘तूं आंत जा बाई.’ त्या सहज बोलल्या असाव्यात. पण काकू जी आंत गेली ती पन्नास वर्षें बाहेर आलीच नाहीं. १९८३ सालीं लॉर्ड्सवरच जगज्जेतेपद मिळालें तेव्हां काकू गच्चीवर गोधड्यांच्या घड्या घालीत होत्या. २०११ च्या त्या रात्रींही त्या गच्चीवरच, रस्त्याकडे पाठ करून बसल्या होत्या. सामन्याचा निकाल त्यांना फटाक्यांवरून कळला. नंतर क्षणचित्रें दाखवितात, तीं तरी पाहावींत. पण त्यांतही आपला गडी बाद होतांना दाखवितात, म्हणून त्या तींही पाहत नाहींत. ज्या बाईनें या संघावर आमच्या घरांत सर्वांहून अधिक प्रेम केलें, तिनें त्याचा एकही विजय डोळ्यांनीं पाहिलेला नाहीं.

आमच्या भाषेंत पूर्वीं रसिक होते, शौकीन होते, भक्त होते. ‘चाहता’ हा शब्द आतां जास्त चालतो, आणि मुलांच्या तोंडीं तर ‘फॅन’च आहे. शब्द बदलले, जात एकच. या जातीचें दुःखही वडिलोपार्जित असतें. १९४८ च्या डिसेंबरांत भाऊसाहेब निंबाळकर पुण्याच्या मैदानावर काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धांवांवर खेळत होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाशीं बरोबरी होण्यास अवघ्या नऊ धांवा उरल्या असतां प्रतिपक्षाच्या कप्तानानें पुढें खेळण्याचें नाकारलें, आणि तो विक्रम राहून गेला तो गेलाच. थोरले काका तेव्हां पाळण्यांतसुद्धां नव्हते. पण त्या नऊ धांवांचा विषय निघाला कीं, त्यांचा आवाज असा चढतो कीं, जणूं त्यांच्याच ताटांतला जिलबीचा घास कोणीं ओढून नेला आहे. निंबाळकर २०१२ सालीं कोल्हापुरास वारले. त्यांना अधिकृत कसोटी सामना एकही खेळावयास मिळाला नाहीं. ही गोष्ट त्या नऊ धांवांहून कितीतरी मोठी. पण काका तिच्याविषयीं फारसें बोलत नाहींत. विक्रम हुकला तर चाहत्याचें कांहींतरी हुकतें. कसोटी मिळाली नाहीं, तें निंबाळकरांचें.

येथें आम्हांस खरें बोलावयाचें आहे तें असें कीं, हें प्रेम फार मोठें असतें, प्रामाणिक असतें, आणि त्याचा खर्च बहुधा दुसराच कोणीतरी सोसतो.

आमच्या पणजीच्या पिढीनें बालगंधर्वांवर जें प्रेम केलें त्यापुढें आजचे चाहते हिशेबीच म्हणावे लागतील. रंगभूमीवरच्या त्यांच्या लुगडें नेसण्याची ढब, त्यांचा अंबाडा, त्यांतलीं फुलें पाहून घरोघरच्या स्त्रिया तसें नेसूं-माळूं लागल्या. पुरुषानें स्त्रीचें रूप घ्यावें आणि तें पाहून स्त्रियांनीं स्त्री कसें दिसावें हें शिकावें, हा चमत्कार महाराष्ट्रानेंच पाहिला असेल. १९११ सालीं मुंबईस ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग व्हावयाचा, त्याच दिवशीं त्यांची लहानगी मुलगी वारली; आणि तरीही त्यांनीं प्रयोग होऊं दिला, स्वतः भामिनी होऊन उभे राहिले. ही हकीकत आमच्या घरांत पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते, आणि सांगणाऱ्याचा गळा दर वेळीं भरून येतो. ‘काय ती कलेवरची निष्ठा!’ असें म्हणून तो पंच्यानें डोळे पुसतो. आपण त्या रात्रीं प्रेक्षागृहांत असतों तर आपणही वन्समोअर मागितलाच असता, हा विचार त्याच्या मनास शिवत नाहीं. वन्समोअरवर वन्समोअर पडले, प्रयोग पहांटेपर्यंत चालले, त्यांतल्या आनंदाच्या आठवणींवर आमच्या घरांतले वृद्ध जन्मभर जगले. पुढें नाटक मंडळी कर्जांत बुडाली तेव्हां तें कर्ज मात्र बालगंधर्वांनीं वर्षानुवर्षें उभें राहून, गाऊनच फेडलें. टाळ्यांनीं कर्ज फिटत नसतें.

याहून कडू असें एक उदाहरण या पुण्याचेंच आहे, आणि तें आमच्यासारख्या घरांनीं विसरूं नये असें आम्हांस वाटतें. बाळू पालवणकर हा आपल्याकडचा पहिला थोर गोलंदाज, जन्मानें चांभार. पुण्याच्या हिंदु खेळाडूंनीं त्यांस आपल्या संघांत घेतलें, तें अर्थात् सामने जिंकण्यासाठीं. मैदानावर त्यांच्या हातांतला चेंडू आपल्या हातांत घेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. चहाच्या सुट्टींत मात्र बाकीचे पॅव्हिलियनमध्यें चिनी मातीच्या कपांतून चहा घेत, आणि बाळूंस तो बाहेर, टाकून देण्याच्या मातीच्या भांड्यांतून दिला जाई. ज्यांनीं त्यांच्या प्रत्येक बळीला टाळ्या वाजविल्या, ते लोक कोणी परके नव्हते. आमच्याच पेठांतले, आमच्याच शाळांत शिकलेले होते. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत बाळूंनीं ११४ गडी बाद केले. हिंदु संघाचें कप्तानपद त्यांच्याकडे तरीही आलें नाहीं. तें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांच्याकडे १९२३ सालीं आलें. टाळीस आणि चहाच्या कपास त्या काळीं निरनिराळे नियम होते.

तो काळ गेला, असें वाचक म्हणतील. गेलाच, चहाचे कप आतां सर्वांचे सारखे झाले. म्हणून आतां आमच्या घरांतली गेल्या हिंवाळ्यांतली हकीकत सांगतों.

२ नोव्हेंबर २०२५ या दिवशीं नवी मुंबईस स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. तीनच दिवसांपूर्वीं जेमिमा रॉड्रिग्ज हिनें नाबाद १२७ धांवा करून ऑस्ट्रेलियास हरविण्याचा पराक्रम केला होता, त्यामुळें घरांतील सर्व खुर्च्या आधींच राखून ठेवलेल्या. पावसानें सामना उशिरां सुरू झाला. थोरले काका पांच वाजल्यापासून वेताच्या खुर्चींत होते. ते मध्यरात्रीच्या सुमारास, दक्षिण आफ्रिकेचा शेवटचा गडी बाद होऊन आपण ५२ धांवांनीं जिंकलों, तेव्हांच उठले. स्मृति मंधानाच्या प्रत्येक चौकारास ते ‘सांगलीची आहे, सांगलीची!’ असें ओरडत होते, कारण सांगली हें त्यांचें आजोळ. विजयानंतर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्ही पाहिलें. त्यांनीं चष्मा काढला. आतां तो काढण्यास प्रत्यवाय नव्हता.

त्यांची नात, म्हणजे आमच्या ‘सत्त्याण्णवा’ची धाकटी बहीण, नववींत आहे. ती नदीपलीकडच्या मैदानावर क्रिकेट शिकावयास जाऊं इच्छिते. सराव सकाळीं सहाला. हा प्रश्न घरांत जूनपासून पडून होता. कारणें सर्वांना ठाऊक असतात तींच: पुढचें वर्ष दहावीचें, पहांटे मुलीनें एकटीनें जावयाचें कसें, उन्हानें काळवंडेल, आणि सरतेशेवटीं, ‘त्यांत पुढें काय आहे?’ विजयाच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं तिनें पुन्हां विषय काढला. काकांनीं वर्तमानपत्रांतून डोकें न काढतां म्हटलें, ‘दहावी होऊं दे, मग पाहूं.’ त्या पानावर, त्यांच्या नाकासमोर, चषक उंचावलेल्या मुलींचें चित्र होतें.

पोर शांतपणें म्हणाली, ‘आजोबा, काल तुम्ही त्यांच्यासाठीं सात तास खुर्ची सोडली नाहीं. माझ्यासाठीं रोज सकाळीं अर्धा तास सोडाल का?’

यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. काकू ओट्याशीं होत्या; त्यांनीं पदरास हात पुसले आणि त्या बाहेर आल्या. त्यांनीं जें सांगितलें तें आम्हांस नवीन होतें. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षीं, १९७३ च्या एप्रिलांत, स्त्रियांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा पुण्यांतच भरली होती. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश, असे तीनच संघ. घरापासून मैदान सायकलीच्या अंतरावर. नव्या सुनेनें सासऱ्यांस विचारलें होतें, ‘पाहावयास जाऊं का?’ सासरे क्रिकेटचे मोठे भोक्ते, घरांतला रेडिओ त्यांनींच आणलेला. ते हंसून म्हणाले होते, ‘बायकांचें कसलें क्रिकेट पाहायचें!’ त्या काळच्या मुली रेल्वेच्या बिनराखीव डब्यांतून, स्वतःचे बिस्तरे स्वतः उचलून सामन्यांना जात. त्यांचा कारभार पुरुषांच्या नियामक मंडळानें आपल्या छत्राखालीं घेतला तो थेट २००६ सालीं. ‘त्या मुलींसाठीं जागा धरून बसलेला एकही माणूस मला ह्या घरांत दिसला नाहीं,’ काकू म्हणाल्या, ‘आणि मला गच्चीवर बसवायला मात्र सगळे तयार.’ इतकें बोलून त्या पुन्हां आंत गेल्या. काकूंचा आवाज चढलेला आम्हीं आजवर ऐकला नव्हता. त्या दिवशींही तो चढला नाहीं.

थोरल्या काकांनीं वर्तमानपत्राची घडी घातली. ते स्वभावानें वाईट नाहींत. मुलीविषयींची काळजी खोटी होती असेंही नाहीं. पुण्यांतल्या पहांटेच्या रस्त्यांवरून वाहनें कशीं धांवतात हें सर्वांस माहीत आहे. परंतु काळजी असली म्हणजे बरोबर जावें लागतें, एवढें त्या सकाळीं घरांत ठरलें. बुधवारीं पावणेसहाला जुनी स्कूटर फाटकाबाहेर निघाली. काका कानटोपी घालून पुढें, पोर पाठीमागें, आणि दोघांच्या मध्यें बॅटींची पिशवी. प्रशिक्षणाची फी ‘सत्त्याण्णव’ देतो. बहिणीसाठीं उठलें तर कोणी बाद होत नाहीं, असें त्यानें जातांना आजोबांस ऐकविलें. तीन महिन्यांत काकांना गुडघेदुखीनें दोनदां गांठलें आणि एकदां स्कूटर पुलावर बंद पडली. त्या दिवशीं पोर उरलेलें अंतर धांवत गेली आणि काका मागून स्कूटर ढकलीत आले. मैदानावरही त्यांस आपली एक जागा सांपडली आहे, कडुनिंबाखालचा दगड. नात फलंदाजीस उतरली कीं ते तो सोडीत नाहींत. ही संवय जाणें कठीण.

गेल्या महिन्यांत तिच्या संघाचा पहिला सामना ठरला. तिनें काकूंस आमंत्रण दिलें. काकू गडबडल्या. ‘मी नको गं,’ त्या म्हणाल्या, ‘मी पाहिलें कीं गडी बाद होतो. एकोणीसशें चौऱ्याहत्तरपासून ठरलेलें आहे.’

पोरीनें क्षणभर विचार केला. ‘मग असं कर आजी,’ ती म्हणाली, ‘समोरच्या संघाची बॅटिंग असेल तेव्हांच ये. आणि अगदीं पुढें बस.’

काकू तिच्याकडे पाहतच राहिल्या. पन्नास वर्षांत हा तोडगा घरांतल्या कोणाही शास्त्र्यास सुचला नव्हता. दुसऱ्या दिवशीं दुपारीं त्या कोणास न सांगतां लक्ष्मी रस्त्यावर गेल्या आणि लांबचें पाहण्याच्या चष्म्याचा नंबर तपासून आल्या.